ताजी पावडर

आमदार झाल्यावर मी विश्रांतवाडीच्या त्या वस्तीत पहिल्यांदाच गेले. गाडीतून उतरताच ब्लीचिंग पावडरचा वास नाकात शिरला आणि जुनी एक सकाळ आठवली.

तेव्हा वस्तीत कावीळ पसरली होती. मी तिथं कार्यकर्ती होते, गटारं साफ करा म्हणून महापालिकेकडे अर्जांवर अर्ज करत होते. त्या सकाळी गटारांच्या कडेनं पांढरीशुभ्र पावडर दिसली आणि मी हरखले. गटाराकाठच्या घरातल्या शमाभाभी दारातूनच म्हणाल्या, "एवढ्या खूश होऊ नका, ताई. आज मंत्री येणारेत."

निवडणूक लढवायचं मी तिथंच ठरवलं.

आजची पावडर माझ्यासाठी होती. शमाभाभी दारातच उभ्या होत्या, पावडरीकडे आणि मग माझ्याकडे बघत.

मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "दर आठवड्याला येणार आहे. कुठल्या वारी, ते सांगणार नाही."