आंब्याखालचा कोंडा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापुढचा आंबा बायकोने करकंबहून, माहेराहून, एसटीत मांडीवर धरून आणला होता. यंदा दिवाळीनंतर त्याच्या दोन फांद्या वाळल्या. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे न तपासता निदान करण्याची मला दांडगी सवय. “मूळ कुजलंय, पाडावं लागेल,” असं मी जाहीर केलं. बायको काहीच बोलली नाही. मी तो होकार धरला आणि परवानगीचा कागद काढून ठेवला.

डिसेंबरात ती भावाच्या रानात हुरड्याला आठ दिवस गेली. मी लगेच झाड तोडणाऱ्याला शुक्रवारी बोलावलं. खरं सांगतो, तिच्यादेखत झाड पाडायची माझी छाती नव्हती.

जाताना तिने एकच काम नेमून दिलं होतं. रोज सकाळी आंब्याच्या बुडाशी मुंग्यांना कोंडा आणि गूळ घालायचा. तिचा हा नेम वर्षानुवर्षांचा. मी दोन दिवस विसरलो. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, ओशाळून डबा घेऊन गेलो, तर बुडाशी कोंडा पडलेलाच! आदल्या संध्याकाळी अंगण मीच झाडलं होतं. शेजारच्या चाचींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मैं कायकू डालूं भाई? तुम्हारी मुंग्यां तुमीच संभालो.”

मग मी उकिडवा बसलो. कोंड्याला एकही मुंगी लागली नव्हती. चिमटीत धरून हुंगला, तर वास ओल्या लाकडाचा. बरोबर वर, खांद्याच्या उंचीवर, सालीत पेन्सिल जाईल एवढं भोक होतं आणि त्याच्या कडेला तपकिरी डिंक ओघळलेला. मी खोडाला कान लावला. आतून बारीक करकर ऐकू येत होती. मला इतका आनंद झाला, की लाज वाटावी. बायकोच्या कोंड्यात हा भुसा किती दिवस मिसळत होता कोण जाणे, आणि आम्ही दोघं तो रोज बघत होतो.

मेव्हण्याला फोन लावला, बहिणीला इतक्यात काही सांगू नको असंही बजावलं. तो म्हणाला, “दाजी, भुसा पडतुया म्हंजी आत अळी हाय की! मूळ कशाचं कुजतंय? साळंत काय शिकिवलं तुमी?”

त्याने सांगितलं तसं केलं. सायकलच्या दुकानातून चाकाचा जुना आरा आणला, टोक वाकवलं आणि भोकात घालून फिरवला. बोटाएवढी पांढरी अळी बाहेर आली. बशीत ठेवून मी ती अर्धा तास न्याहाळली. पाय नाहीत, डोळे नाहीत, नुसता जबडा. आणखी तीन भोकं सापडली. सगळ्यांत पेट्रोलचे बोळे कोंबून वर चिखल लिंपला. झाड जगेलच असं मेव्हणा म्हणाला नाही, पण “आशा हाय” म्हणाला. तोडणाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं.

शुक्रवारी सकाळीच बायको दारात हजर. तीन दिवस आधी. पिशवी खाली न ठेवता ती आंब्याजवळ गेली आणि चिखलाचं लिंपण चाचपत राहिली. मी उत्साहाने भोकं, भुसा, अळी, सगळं सांगितलं. तोडणाऱ्याचं तेवढं गाळलं.

“हुरडा गोड न्हाई लागला मला,” ती म्हणाली. “गल्लीच्या तोंडाला शेंडा दिसला, तवा जीव भांड्यात पडला.”

मी चपापलो. “तुला माहीत होतं?”

“कागद कपाटात माज्याच साड्यांखाली ठिवलावता की तुमी.”

“मग पाडू नका म्हणायचं होतंस!”

“म्हनले असते, तर तुमी समजावून सांगितलं असतं,” ती म्हणाली. “आन मला ते पटलं असतं.”