कोठीचं मागचं दार

भूतबीत मी मानत नाही. आम्ही बौद्ध माणसं, घरात अंगारे-धुपारे कधी आले नाहीत. शिक्षण चौथी... पण माझं माप एक सूत चुकलेलं कुणी दाखवावं! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या मापापायीच हे लिहितोय.

१९७९ साल. मी नागपूरचा, नोकरी लखनौला रेल्वे कारखान्यात, ओतकामाचे लाकडी साचे करायचो. हज़रतगंजच्या एका सरकारी ऑफिसनं मला मागून घेतलं. गदरच्या, सत्तावनच्या बंडाच्या वेळच्या एका कोठीचं, म्हणजे हवेलीचं, मॉडेल करायचं होतं, एका फुटाला पाव इंच. जुना फोटो समोर ठेवून प्लायच्या भिंती उभ्या केल्या, वर प्लॅस्टर. मग ते जुनाट दिसायला विटेची भुकटी, चहाचं पाणी आणि सरसोंच्या तेलाच्या दिव्याची काजळी. काजळी कुठे दाट, कुठे पुसट, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

फोटोत मागे एक दार होतं. मी ते सहा सूत रुंद कापलं. सकाळी मोजलं तर पाच. पुन्हा कापलं. दुसऱ्या सकाळी चार! चौकीदार रामदीनला धरलं, "किसने हाथ लगाया?"

"चाबी साहब के पास रहती है, मिस्त्रीजी. आपके खिलौने से कौन खेलेगा?"

मी चिडलो. दार परत सहा सूत केलं आणि त्यात सागाचा ठोकळा ठोकून बसवला. आता हो बंद!

दुपारी समोरच डबा खात होतो. खिडकीतून लख्ख ऊन. कट्ट... ठोकळा उभा फुटला. पोळी टाकून उठलो, ढलप्या काढल्या, फटीत बोट घातलं — आणि भिंतीनं बोट धरलं. खोटं नाही सांगत. ओढून काढलं तर नख आतच राहिलं. नळावर हात धुऊन आलो तोवर दारच नव्हतं. सपाट भिंत. वर भुकटी, चहाचे डाग, काजळी... थेट माझ्या हातची.

ऑफिसचे श्रीवास्तव साहेब बघायला आले. "दरवाज़ा कहाँ है, मिस्त्री?"

"था, साहब. बंद हो गया."

"अच्छा! छुट्टी पर गया होगा."

सगळे बाबू हसले. साहेबांनी कागद पुढे केला — दार चुकून राहिलं असं लिहून सही कर, नाहीतर कारखान्यात रिपोर्ट जाईल.

घरी बायको म्हणाली, "अहो, करून टाका ना सही. एवढंसं तर दार."

"दार एवढंसं असेल. माप माझं आहे!"

रिपोर्ट गेला. साच्यांवरून काढून मला गोदामात फळ्या उचलायला लावलं. रिटायर होईस्तोवर उचलल्या.

आता जावई सांगतो, पापाजी, प्लाय नमी से फूलता है. ओलीनं फुगत असेल. पण प्लाय स्वतःला काजळी लावतो का? तो कागद आज कुणी पुढे केला, तरी सही मी करणार नाही.