वरच्या मजल्यावरची खबर

उस्मानपुऱ्यातून निघाले तेव्हा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि पप्पांची प्रार्थना काही संपत नव्हती. येशूच्या नावात आमेन म्हणेपर्यंत शेजारच्या शमीमखाला वाटी घेऊन दारात आल्या. रोटी कुस्करून गूळ-तुपात मळलेला मलिदा होता. घास माझ्या तोंडात कोंबत म्हणाल्या, "मुँह मीठा करके जा बेटी. पोंचे तो खबर देना." पप्पा बॅग रिक्षात ठेवता ठेवता कानाशी आले. "तिथं कुणाच्या धर्मात तोंड घालू नको. काम करायचं, गप राह्यचं." तोंड भरलेलं होतं, म्हणून मी नुसती मान हलवली.

आपल्या गल्लीतून दुबईला, पुण्याला गेलेल्यांनो, तुमची मुलं म्हणे आता मराठी तोडून-मोडून बोलतात. मी इस्रायलला, रामला नावाच्या गावी आले आणि झालं उलटंच. इथं मला मेतापेलेत म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी. मी ज्यांना सांभाळते त्या हन्नाबाई ज्यू, पण मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठीच बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी मला खालून वर न्याहाळून म्हणाल्या, "अगो, ही काडी मला उचलणार होय?" मी रडायच्या बेतात होते, पण ते मराठी ऐकून हसले.

त्यांचा नातू फौजेत आहे. युद्ध सुरू झालं आणि त्याला गाझात धाडलं, तेव्हा हन्नाबाईंनी एलियाहू नबीला नवस बोलायचं ठरवलं. म्हणाल्या, मलिदा कर. मला काय, मलिदा म्हणजे खालांचा! वरच्या मजल्यावरच्या उम्म समीरकडून, म्हणजे समीरच्या आईकडून, तूप मागून आणलं, चपात्या कुस्करल्या, झकास मळला. हन्नाबाई ताटाकडं बघतच राहिल्या. "हे काय केलंस? मलिदा पोह्यांचा करतात. वर खोबरं, फळं. नबी काय चपातीचा चुरा खायला येणार?" मी म्हटलं, आमच्या बायबलात हाच एलीया, खालांकडं हाच इल्यास पैगंबर, आणि तिकडं तर तो चपातीच खातो. "मराठवाड्यात खात असेल," त्या फणकारल्या. पण खाल्ला. एक वाटी स्वतःहून वर पाठवली.

उम्म समीर मुसलमान, अरबी बोलणारी. तिची बहीण गाझात. खालच्या घरातला पोरगा तिथं बंदूक घेऊन, वरच्या घरातली बहीण तिथंच पत्र्याखाली. मला अरबी येत नाही, पण आपल्या गल्लीनं दिलेले पुष्कळ शब्द तिच्या बोलण्यात निघाले: सबर, नसीब, दुनिया, खबर. उम्म समीर रोज दार वाजवून विचारायची, "खबर?" हन्नाबाईंनाही तो शब्द मराठीतूनच कळायचा. त्या म्हणायच्या, "नाय." मग तिघी कॉफी प्यायचो. मला मात्र तो शब्द नको वाटायचा. आपल्याकडं खबर आली म्हटलं की माणूस आधी चप्पल शोधतो, मयताला जायला.

मग हळूहळू जिना बदलला. हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळे तळघरातल्या आसऱ्याला जातो. तिथं उम्म समीर ज्या बाकावर बसे, तो बाक रिकामा होऊ लागला. हन्नाबाईंच्या मुलानं फोन करून सांगितलं, वरच्यांना घरात घेऊ नका. उम्म समीर यायची थांबली. हन्नाबाई दिवसभर टीव्ही मोठा लावून बसायच्या आणि वर पावलं वाजली की आवाज बारीक करून ऐकायच्या.

इथं ही तऱ्हा, आणि पप्पांचे फोनही तसलेच. "तोंडाला रुमाल बांधून पोरं गल्लीत फिरून गेली. खाला दिवस मावळायच्या आत कडी लावतेत." मी विचारलं, तुम्ही गेला होता का त्यांच्याकडं? "सध्या ये-जा कमीच हाय. बरं दिसत नाय." शहराचं नाव बदलल्यापासून ते जुनंही घेत नाहीत, नवंही नाही, नुसतं 'आपलं गाव' म्हणतात. मला त्यांचा राग आला आणि भीतीही वाटली. इथला जिना तिथं पोचलाय की तिथली गल्ली इथं आलीय, तेच कळेना.

काल दुपारी पप्पांशीच फोनवर बोलत होते तेव्हा दार वाजलं. हन्नाबाई पांढऱ्याफटक पडल्या. फौजेतली माणसं दारात आली की पोरगा गेला, हे इथं घरोघरी माहीत आहे. "उघडू नको," त्या म्हणाल्या. पुन्हा वाजलं. मी उघडलं. दारात उम्म समीर, एकाच पायात चप्पल.

"खबर," ती म्हणाली. या वेळी ती विचारत नव्हती.

हन्नाबाईंच्या तोंडावर आधी सुटका दिसली. आपला नव्हे, एवढंच. ते मी पाहिलं, उम्म समीरनंही पाहिलं, आणि ती परत फिरू लागली.

"बहीण?" हन्नाबाईंनी मला विचारलं. मी मान हलवली. त्या टीव्हीकडं बघत राहिल्या. मग टीव्ही बंद केला आणि पलंगावरचं पांघरूण सारून बसायला जागा केली. "आत घे तिला. अशी दारातून नको जाऊ देऊ."

फोन अजून चालूच होता. पप्पा विचारत होते, "कोण आलंय गं?"

"घरचंच माणूस हाय, पप्पा. तिच्याकडं मयत झालंय."

"मग फोन ठेव," पप्पा म्हणाले. "आधी पाणी दे तिला."

मी पाणी दिलं. तिचा हात हन्नाबाईंच्या हातात होता, पण दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. नातवाचा फोन आजही आलेला नाही. तुम्ही सगळे विचारता, घरी कधी येणार. मला आता घर म्हणजे एवढंच ठाऊक आहे: जिथं दार वाजलं की माझा जीव जातो, आणि उघडायला मीच उठते.