तेताच्या भट्टीचा दोष

नेस्टर कोव्हबेल कुणाच्याही घरात शिरला की आधी भट्टीचा आवाज ऐकायचा, माणसांची विचारपूस मागाहून. कॅनडाच्या सस्कॅचेवानातल्या त्या लहानशा गावात चाळीस वर्षं त्यानं घर गरम ठेवणाऱ्या, तळघरांतल्या गॅसच्या भट्ट्या दुरुस्त केल्या. उणे पस्तीसात घर गार पडलं की पाद्र्याच्या आधी नेस्टरला फोन जायचा, आणि याची त्याला चांगलीच घमेंड होती.

त्या जानेवारीत तेता पाराश्काची नवी भट्टी दोनदा बंद पडली. तेता म्हणजे मावशी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या विधवेला सगळं गावच तेता म्हणायचं. भट्टी सप्टेंबरात नेस्टरनंच बसवलेली. दोन्ही वेळा तो तळघरात उतरला. भट्टीवरचा लाल दिवा तीन-तीनदा लुकलुकत होता, म्हणजे हवेच्या दाबाची तक्रार. पहिल्यांदा झाकण काढून त्यानं दाबाचा स्विच बदलला, दुसऱ्यांदा त्याची नळी. दोन्ही वेळा भट्टी गुणी बाळासारखी चालू झाली. पहिल्या खेपेला तर झाकण लावून तो घरी पोचतो न पोचतो, तोच बया पुन्हा ठप्प.

तेताची मुलगी व्हर्ना लांब रजायना शहरात राहायची. तिनं आईला बजावलं होतं, "तिसऱ्यांदा बंद पडली तर शुक्रवारी येते आणि तुला यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात नेते." भट्टी बुधवारी बंद पडली. नेस्टर आला तेव्हा तेता कोट घालून टेबलाशी बसली होती. दाराशी पेटी भरून तयार होती.

"एवढी कसली घाई, तेता?"

"व्हर्ना बोलली की करते. बापावर गेलीय. तू बघ एकदा शेवटचं."

त्यानं झाकण काढलं, भट्टी चालली. झाकण लावलं, थोड्या वेळानं थांबली. पुन्हा काढलं, पुन्हा चालली. नेस्टरनं कपाळावर हात मारून घेतला. झाकण उघडं असताना भट्टी तळघरातली हवा ओढत होती. झाकण लावलं की बाहेरची तिला मिळतच नव्हती. हे या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकतात. पण त्या गारठ्यात घराला वळसा घालायचा त्यानं दोन्ही वेळा आळस केला होता.

तो बाहेर गेला. मागच्या भिंतीला कमरेइतका बर्फ लावलेला, फावड्यानं थापून गुळगुळीत केलेला. भिंतीतून निघणाऱ्या दोन पांढऱ्या पाइपांपैकी धुराच्या पाइपाभोवती वाफेनं भोक पडलं होतं; हवा घेणारा पाइप पुरता गाडला गेला होता. घराला ऊब राहावी म्हणून भिंतींना बर्फ लावायची इथली जुनी रीत. नेस्टरची आईही लावायची.

दोन्ही पाइप मोकळे करून तो आत आला. "तेता, मागचा बर्फ कुणी लावला?"

"मीच. कबरीतून उठून तुझा काका लावणार होता का? चार दिवस खपले. सासूबाई लावायच्या, म्हणून मी लावते. का रे?"

त्यानं सांगितलं. तेताचा चेहरा पडला.

"म्हणजे मीच केलं. संपलं आता. व्हर्ना म्हणणार, म्हातारीला चळ लागला."

व्हर्नाला फोन करणं भागच होतं. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "खरं सांगा, आईनंच काहीतरी उद्योग केला ना?"

नेस्टरला राग आला, तो स्वतःचाच. "दोष माझा. पाइप कुठे निघतात ते मी तिला दाखवलं नाही. दोनदा आलो आणि बाहेर जाऊन बघितलं नाही."

"चाळीस वर्षं असंच करताय का?"

नेस्टर टोपीवरचा बर्फ झटकत राहिला.

"आई राहू दे घरीच. पण यापुढे तिची भट्टी बघायला यॉर्कटनचा माणूस येईल."

"येऊ दे. भट्टी मात्र आता थांबायची नाही."

त्यानं फोन ठेवल्यावर तेता म्हणाली, "अर्धंच सांगितलंस."

"माझ्या वाटणीचं सांगितलं. तुझं तू सांग, सांगायचं असेल तर."

तेतानं सांगितलं नाही. पेटी उघडून तिनं कपडे परत कपाटात लावले. व्हर्नानं मात्र ओळखीपाळखीत सगळीकडे सांगितलं, आणि नेस्टरला येणारे फोन निम्म्यावर आले. ते त्याला फार लागलं.

एप्रिलात तेता झोपेतच गेली, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर. चर्चमधल्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात व्हर्ना पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढत नेस्टरपाशी आली.

"आई शेवटपर्यंत तुमचंच कौतुक करत होती. काय पाहिलं होतं तुमच्यात, देव जाणे."

"तिलाच ठाऊक," नेस्टर म्हणाला आणि त्यानं ताट पुढे केलं.