पान उलटून पाहणारी मुलगी

आत्ताच सावद्याजवळच्या एका शाळेतून घरी आले. घसा बसलाय, पाय भरून आलेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

मी जळगावात डॉक्टर आहे. एक्स-रेमधला आजार ओळखायला कॉम्प्युटरला शिकवणं, हे माझं काम. त्यातल्या करिअरबद्दल दहावीच्या मुलांशी बोलायला गेले होते. तासभर बोलले. वर्ग ढिम्म. मागच्या बाकावर तर चक्क डुलक्या.

शेवटी वैतागून विचारलं, "मशीनने आजार आहे म्हटलं, की लगेच मानायचं का?"

एक मुलगी उठली. घरची केळीची शेती. "नाही मॅडम. आम्ही केळीच्या पानाचा फोटो मोबाईलवर टाकला, तर त्याने करपा रोग सांगितला. माझे आजोबा, नाना, म्हणता, आधी पान उलटून पाहा. पाहिलं, तर नुसतं उन्हाने भाजलेलं होतं."

माझा थकवाच पळाला. हेच समजावताना शिकल्यासवरल्या इंजिनिअरांपुढे माझी दमछाक होते! "तू या कामात यायलाच पाहिजेस," मी म्हणाले.

"त्याला अकरावीला सायन्स लागतं ना?"

"हो."

"गावात आर्ट्सच आहे. घरचे म्हणता, रोज एकटीने एसटीने जायचं नाही." एवढं बोलून ती खाली बसली.

चाळीस स्लाइड करून नेल्या होत्या मी. याचं उत्तर एकीतही नव्हतं.

त्या बाजूची कोणाची मुलगी यंदा सायन्सला जाणार आहे का? हिला बसमध्ये सोबत हवी आहे.