बर्फावर चढणारं जहाज

धुतलेल्या कपड्यांनाही डिझेलचा वास येत राहतो, हे दादा घरी आल्यावर मला कळलं. दोरीवरच्या त्याच्या सदऱ्यातून तो वास उतरायचा आणि अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांच्या गोड, जड गंधात मिसळायचा. काहीसा परका, काहीसा आपला.

दादा बर्फ फोडणाऱ्या जहाजावर इंजिनाला तेलपाणी करतो. आमच्या सिंदेवाहीकडे बर्फ म्हणजे बाजारातली, भुशात झाकलेली लादी. अख्खा समुद्रच तसा गोठतो, हे कोणाला खरं वाटावं? ध्रुवाजवळ त्याचं जहाज अडकल्याचं रेडिओवर आलं, तेव्हा मायनं मला विचारलं, "तू कॉलेजात शिकून राह्यला न, सांग, निघन का जहाज?" घरातला मी पहिलाच शिकणारा, पण माझ्या पुस्तकांत ते कुठे होतं? "मले नाई माहीत, माय," एवढंच म्हणालो.

दादा सुखरूप परतला, तरी तिची भीती गेली नाही. पावसाळ्यानंतर तो पुन्हा जाणार होता. ती त्याला पाहुण्यासारखं आधी वाढायची, हळू बोलायची, विचारायची मात्र काहीच नाही.

एका सकाळी तिनं धीर केला. "कसे निघाले रे तिथून?"

दादा सांगू लागला. जहाज बर्फ कापत नाही. त्यावर नाक चढवतं आणि आपल्या भारानं त्याला मोडतं. नाही मोडला, तर मागे सरून पुन्हा चढतं. खाली इंजिनापाशी काही दिसत नाही, नुसती कडकड ऐकू येते. त्या दिवशी जहाज पुढेही जाईना, मागेही येईना. मग त्याच्या पोटातल्या टाक्यांमधलं पाणी खलाशी पंपानं या कुशीवरून त्या कुशीवर नेत राहिले. जहाज डोलू लागलं, पकड सुटली.

"म्हंजे चिखलात फसलेली बैलबंडी हालवून काढतो, तसंच?" मायनं विचारलं.

"तसंच. आमचे बैल फक्त डिझेल पेतात."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं? मी इथी जीव टांगून बसली होती."

"तू इचारलंच नाई."

माय हसली. दूरचं भय ओळखीच्या चिखलात येऊन उभं राहिलं की लहान होतं का? होत असावं. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

मग तिनं रिकामी घागर त्याच्यापुढे आदळली. "दिवसभर बसून राह्यते नुसता. जा, पानी आन."

दादा घागर उचलून निघाला. इतके दिवस तो जरा बाहेर पडला तरी दारात खिळून राहणारी माय आज सरळ चुलीकडे वळली.