भुरीसाठी खोली

कुठल्याही घराचं फाटक उघडण्याआधी काका कडी तीनदा वाजवायचे आणि आत हाक मारायचे, "आहे का?" घरमालकांना वाटायचं, हा माणूस आपल्याबद्दलच विचारतोय. ते "आहे, या" म्हणायचे आणि काका चटकन तीन पावलं मागे सरायचे. त्यांचा प्रश्न कुत्र्याबद्दल असायचा.

खोल्या दाखवणारा दलाल आणि कुत्र्यांना घाबरणारा, असा माणूस तुम्हीही कुठे पाहिला नसेल. रोज अनोळखी फाटकं उघडायची आणि प्रत्येक वेळी जीव मुठीत धरायचा. उजव्या पोटरीवर लहानपणच्या चाव्याची खूण होती. कोणी विचारो न विचारो, पॅन्ट वर करून ते ती दाखवायचेच. अशा माणसाकडे मी माझ्या कुत्रीसाठी खोली मागायला गेले होते.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव कुहीजवळ, आणि इथे शहरात, महाल भागात एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. भुरी मला कॉलेजच्या सायकल स्टँडवर सापडली. एवढंसं पिल्लू, एक पाय अधू. आठवडाभरात कोणाला तरी देऊ म्हणून आणली आणि सहा महिने लपवली. शेवटी एकदा ती भुंकलीच. घरमालकानं दारात उभं राहून आठ दिवसांची मुदत दिली आणि जाता जाता म्हणाला, "नाहीतर मीच सोडून येईन तिले. मांगच्या भाडेकरूचं कुत्रं पोत्यात घालून नेलं होतं मी."

खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. त्या दिवसापासून कॉलेजातून परतताना शेवटच्या वळणावर माझे पाय जड व्हायचे. कुलूप उघडण्याआधी मी दाराला कान लावायचे. आतून भुरीच्या नखांचा आवाज आला की मगच श्वास सुटायचा.

काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते चहाच्या टपरीवर. त्यांनी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले आणि अर्धा चहा सदऱ्यावर सांडला.

"हे तं कुत्रं आहे वं!"

"फोनवर सांगितलं होतं ना काका."

"फोनवर लहान वाटलं."

त्यांची एक पद्धत होती. खोली बघण्याआधी, फाटकातच ते मालकाला सांगून टाकायचे, "पोरगी कॉलेजात शिकते, आणि सोबत कुत्रं आहे." बाकीचं सगळं त्यानंतर. अर्थात बाकीच्याची वेळच येत नसे. लकडगंजातल्या एका बाईंनी दार लावून घेतलं ते घेतलं, वर आतून कडी घातल्याचाही आवाज ऐकवला. एका मालकानं विचारलं, कुत्री शाकाहारी आहे का? काका गंभीरपणे माझ्याकडे वळले, "आहे का वं?" मी अंडं कबूल केलं आणि तीही खोली गेली. काकांचं तोंड एवढंसं झालं होतं. इतर वेळी मी पोट धरून हसले असते.

सहाव्या दिवशी मी रडकुंडीला आले. "काका, उद्यापासून नका ना सांगू. मी लपवीन तिला. सहा महिने लपवलीच की."

त्यांनी स्कूटी बाजूला घेऊन थांबवली.

"लग्न झालं तवा मीही खोली पाह्यली होती," ते म्हणाले. "मालकानं आडनाव विचारलं. मी दुसरंच सांगतलं. खरं सांगतलं असतं तं फाटकातूनच परत धाडलं असतं. सात महिने राह्यलो तिथं. बुद्धाचा फोटो पेटीत, साड्यांखाली. तुह्या काकूले कोणी खालून हाक मारली तरी थरथर कापे. लपून राह्यलं तं घर नाही होत पोरी. भेव होते फक्त."

मला राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. त्यांचं खरं होतं, पण माझ्याकडे दोनच दिवस उरले होते.

आठव्या, शेवटच्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. भुरीला एकटी सोडून जायची हिंमत होईना. मी माझी किल्ली काकांना दिली. त्यांनी ती बोटांच्या टोकांनी धरली. "दाराबाहेर बसतो मी. आत नाही जानार, पहिलेच सांगून ठेवतो."

प्रॅक्टिकल आटोपून बाहेर आले आणि फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. घर गाठलं तेव्हा खोलीचं दार सताड उघडं होतं. भुरी नव्हती, तिची दोरीही नव्हती. अंगणात पोतं पडलं होतं.

"घेऊन गेला तुझा तो दलाल," मालक चिडून म्हणाला. "मी पोतं घेऊन आलो, तं मले ढकलून तोच आत घुसला."

मी धावत सुटले. दोन गल्ल्या पलीकडे ते दिसले. दोरी धरलेला हात अंगापासून होईल तितका लांब, मान ताठ, नजर समोर, सदरा घामानं चिंब. भुरी त्यांच्या मागून लंगडत, शेपटी हलवत चालली होती. ते तिच्याकडे न बघता एकसारखं म्हणत होते, "चाल बाई. चाल बाई. मले नोको चावू, चाल."

"कुठे नेताय काका?"

"माह्या घरी. वरची खोली खाली आहे."

"कधीपासून?"

ते थांबले. भुरी त्यांच्या पायाशी बसली, तसे ते भिंतीला टेकले. "तू पहिल्या दिवशी आली तवापासून," ते म्हणाले. "मले भेव वाटे म्हून नाही सांगतली. माफ कर."

त्या खोलीत आम्ही दोघी दोन वर्षं राहिलो. भुरीला खालच्या घरात यायची बंदी होती. रोज सकाळी खालून आरोळी यायची, "बांधली का वं? मी निघून राह्यलो!" मी "हो" म्हटल्यावरही ते दाराच्या फटीतून एकदा पाहून घ्यायचे.

मागच्या थंडीत एका सकाळी काका उठलेच नाहीत. घर माणसांनी भरून गेलं. त्यांचा मुलगा पुण्याहून आला. मी वर भुरीला मांडीशी घेऊन, तिचं तोंड हातानं धरून बसायची. तिनं भुंकू नये, आम्ही इथे आहोत हे कोणाला आठवू नये, एवढंच मनात. एकदा जिन्यातून "वरची खोली" एवढे दोनच शब्द ऐकू आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौथ्या दिवशी पाहुणे पांगले. काकू जिना चढून आल्या. मला वाटलं, झालं. मीच घाईघाईनं म्हणाले, "काकू, महिनाभर द्या फक्त. मी शोधते दुसरीकडे."

त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. चौकट धरून त्या भुरीकडे बघत राहिल्या.

"इले घेऊन खाली ये," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले वं, घरात इले कोणी भेलं नाही."